नव्या संशोधकांना अंमलबजावणी संशोधन कसं शिकवावं? (नाशिक जिल्ह्यासाठी आराखडा, सूचना हव्यात)

गोदाकाठ

एखादा उपचार गुणकारी आहे हे सिद्ध झालेलं असतं. तोच उपचार सुरगाणा-पेठच्या पाड्यावर रोजच्या रोज घडत का नाही आणि घडवायचा कसा, हे शोधायला नवख्या संशोधकाला कसं शिकवायचं, त्यावर हा धागा.

महाराष्ट्राला याचं घरचं उदाहरण आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: ३९ गावांत काम, ४७ गावांशी तुलना. आशांमार्फत (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) देशभर तो कार्यक्रम सुरू झाला २०११ मध्ये. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. आता भेटींचा उपयोग होतो का, हा प्रश्न मिटलाय. तिसऱ्या दिवशी वजनकाटा सोबत होता का, ४२ व्या दिवसाची भेट झाली की फक्त लिहिली गेली, हे प्रश्न उरलेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे, पण पदव्युत्तर प्रबंधांची शीर्षकं चाळलीत तर असे प्रश्न फार थोडे दिसतील. 'अमुक विषयाचं ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन' मात्र भरपूर.

संधी आहे ती जिल्हा रेसिडेन्सीची. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. त्यात एमएससी नर्सिंग आणि आयुर्वेदचे दोघं-तिघं घेतले तर आठ जणांची तुकडी होते.

माझा कच्चा आराखडा असा. पहिले दोन आठवडे प्रश्न ठरवणं. तिसरा-चौथा आजची स्थिती मोजणं. पाचव्यात कारणं शोधायच्या मुलाखती. सहाव्यात उपाय लिहून काढणं. सात ते अकरा उपाय करून बघणं आणि मोजत राहणं. बाराव्यात तालुक्यापुढे मांडणी. सरावाचा विषय एकच ठेवू: लहान मुलांच्या जुलाबात ओआरएस आणि झिंक. झिंकची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्येच केली आहे. आपल्याकडे २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, त्यापुढे २० मिग्रॅ, रोज एकदा, १४ दिवस. परिणामकारकतेवर वाद घालत बसायला नको.

कुठे फसेल ते सांगा.

रामशेज

दोन आठवडे प्रश्नाला दिलेत ते बरं केलंत, पण ते वर्गात घालवू नका. नवखा माणूस प्रश्न आणतो तो असा: 'ग्रामीण भागात झिंकचा वापर कमी का?' याला उत्तरच नाही. त्याला आधी पायऱ्या मांडायला लावा.

समजा एका पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) हद्दीत शंभर मुलांना जुलाब झाले. साठ आशापर्यंत किंवा उपकेंद्रापर्यंत पोचली. पंचेचाळिसांना ओआरएस मिळालं. चाळिसांना झिंक मिळालं. तिसांना पूर्ण १४ दिवसांचं मिळालं. बारा जणांनी पूर्ण घेतलं. (आकडे कल्पित आहेत, फळ्यावर मांडण्यापुरते.)

बहुतेक जण पहिल्या पायरीवर बोट ठेवतात, कारण तिथे चाळीस मुलं गळाली. पण ती गावातल्या खाजगी डॉक्टरकडे गेलीत. तीन महिन्यांत रेसिडेंट तिथे काही हलवू शकणार नाही. शेवटच्या पायरीवर तिसांतले अठरा गळाले, म्हणजे साठ टक्के, आणि ती पायरी आशा व आरोग्यसेविकेच्या हातातली आहे. गळती किती आणि ती कोणाच्या हातातली, ही दोन्ही उत्तरं मिळाली की प्रश्न आपोआप लहान होतो: 'या पीएचसीत झिंक सुरू झालेल्या मुलांपैकी १४ दिवस पूर्ण करणारी निम्म्याहून कमी का आणि आशाच्या कोणत्या कृतीने ती वाढतील?'

प्रत्येक पायरीचा आकडा कुठून येतो तेही शिकवावं लागतं. वाटप आशाच्या वहीत. साठा पीएचसीच्या औषध भांडारात आणि ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीवर. मासिक अहवालात सरकारी यंत्रणेने पाहिलेली मुलंच येतात. तो आकडा 'एकूण जुलाब' म्हणून छेदात घातला की सगळी टक्केवारी फुगते, आणि ही चूक छापील लेखांतही सापडते.

पीजी_दुसरंवर्ष

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायची वेळ जवळ आलीय म्हणून विचारते. सर, 'पूर्ण केलं' हे मोजायचं कसं? आईला विचारलं तर सगळ्या 'हो' म्हणतील ना?

रामशेज

म्हणतीलच. म्हणून विचारायचं नाही, पट्टी बघायची. झिंक सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी घरी जायचं, 'पट्टी किंवा रिकामं पाकीट दाखवता का' म्हणायचं आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. गोळ्या मोजायला येतोय हे आशाला आधी कळलं की ती निरोप देते आणि गोळ्या नाहीशा होतात, तेव्हा भेटीचा दिवस सांगायचा पण कारण मोघम ठेवायचं. ते मोघम ठेवणं नीतिशास्त्र समितीला अर्जातच लिहून कळवा.

लहान बाळांचा हिशेब वेगळा. १० मिग्रॅ म्हणजे २० ची अर्धी गोळी, १४ दिवसांना सात गोळ्या. उरलेली अर्धी गोळी पावसाळ्यात उघडी राहिली की ओल धरते, भुगा होतो, आई टाकून देते. ते बाळ तुमच्या मोजणीत 'पूर्ण' दिसेल. दोन्ही वयोगट वेगळे नोंदवा.

सांख्यिक

नमुन्याबद्दल लिहितो, कारण इथे हमखास गाडी घसरते.

पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्के धरलं, दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ९६ मुलं लागतात. पण मुलं आशाच्या हद्दीनुसार निवडली जातील, आणि एका आशाची मुलं एकमेकांसारखी वागतात. म्हणून गुणक लावायचा: १ + (दर आशामागे मुलं − १) × गटांतर्गत सहसंबंध (एका आशाची मुलं किती सारखी वागतात त्याचं माप). दर आशामागे २० मुलं आणि सहसंबंध ०.०५ धरला तर १.९५ येतो. ९६ चे १८८ झाले. दहा टक्के घरं बंद सापडतील असं धरा, २०९.

हीच मुलं घरोघरी शोधायला गेलात तर? गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झालेलं मूल समजा दर दहांत एक. दोनशेसाठी पाच वर्षांखालची दोन हजार मुलं तपासायची. आदिवासी भागातली पीएचसी साधारण २०,००० लोकसंख्येला असते, त्यात या वयाची मुलं दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अख्खी पीएचसी पालथी घालायची. रामशेज यांनी प्रश्न शेवटच्या पायरीपुरता आणलाय म्हणूनच छेद 'झिंक मिळालेली मुलं' होतो आणि आशाच्या वहीवरून यादी मिळते. मात्र त्या यादीवरून 'जुलाब झालेल्या किती जणांना झिंक मिळालं' असा निष्कर्ष काढू नका. वहीत नसलेली मुलं तुम्ही पाहिलेलीच नाहीत.

आता वेळापत्रकातली मोठी अडचण. मोजणी पंधराव्या दिवशी होते. अकराव्या आठवड्यात झिंक सुरू झालेलं मूल तेराव्यात मोजलं जाणार, तोवर रेसिडेंट महाविद्यालयात परत. रनचार्टवर (वेळेनुसार बिंदू मांडलेल्या आलेखावर) खरा बदल म्हणायला मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा बिंदू लागतात, आणि मध्यकासाठी उपायाआधीचे निदान दहा बिंदू असावेत. गोदाकाठ यांच्या आराखड्यात आधीचे दोन आणि नंतरचे, उशीर धरून, तीन-चार बिंदू पडतील. यातून काहीही सिद्ध होणार नाही.

शिवाय ऋतू. मे महिना आधीचा आणि ऑगस्ट नंतरचा असं धरून तुलना केली तर पावसाचा परिणाम उपायाच्या नावावर जमा होतो. पावसाळ्यात अतिसार थांबवण्याची सरकारी मोहीमही असते (पूर्वी ती पंधरवड्याची होती, २०२४ मध्ये जुलै-ऑगस्ट अशी दोन महिन्यांची झाली). त्या काळात ओआरएस घरोघरी पोचतंच.

तारांगण

म्हणजे तीन महिन्यांत होत नाही. हेच म्हणायचं होतं. नीतिशास्त्र समितीच दोन महिने खाते, परवानगीला आणखी एक, संपली रेसिडेन्सी.

गोदाकाठ

परवानग्या रेसिडेन्सी सुरू होण्याआधी घ्यायच्या, त्यात काही वावगं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन प्रकार आहेत: पुनरावलोकनातून सूट, त्वरित आणि पूर्ण समिती. घरी जाऊन गोळ्या मोजणं आणि मुलाखती यात धोका किमान असतो, त्वरित पुनरावलोकनाची मागणी करता येते, निर्णय समितीचा. मात्र 'हा कार्यक्रमाचा भाग आहे, आम्हाला समिती कशाला' असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नये, सूटही समितीच देते. गावांचे दोन गट पाडून उपायाची तुलना करणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करून टाका. नंतर केली तर नियतकालिकं लेख परत पाठवतात.

कुणाची सही हवी हे विद्यार्थ्यांना माहीत नसतं, म्हणून इथेच लिहितो. पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, सही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरातली नागरी केंद्रं महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. आश्रमशाळेत जायचं तर आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प अधिकारी, आपल्याकडे नाशिक आणि कळवण अशी दोन कार्यालयं. डीएचओंचं पत्र घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलात तर नम्रपणे परत पाठवतील.

वेळेचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर अजून उत्तर नाही.

दिंडोरीकर

उत्तर आहे. प्रकल्प विद्यार्थ्याचा ठेवू नका, पीएचसीचा ठेवा. रेसिडेन्सीच्या तुकड्या एकामागून एक येतच असतात. पहिल्या तुकडीने पायऱ्या मांडायच्या, पट्टी-मोजणी बसवायची आणि फक्त आधीचे बिंदू गोळा करायचे. दुसरीने कारणं शोधून उपाय लिहायचा, चालू करायचा. तिसरीने मोजायचं आणि जमलं नसेल तर बदलायचं. प्रत्येकाला प्रबंधापुरता वेगळा तुकडा मिळतो आणि सांख्यिकांचे दहा बिंदूही. दोन तुकड्यांच्या मधल्या काळात मोजणी आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक करतील, पण त्यांना आठवड्याला पाचपेक्षा जास्त घरं देऊ नका आणि प्रवासाचा खर्च प्रकल्पातून द्या. आशाला नवीन रजिस्टर अजिबात देऊ नका. आहे त्या वहीत एक रकाना वाढवा: 'झिंक सुरू, तारीख'. पाच नमुन्यांचे कागद दिले तर पाचही संध्याकाळी घरी बसून भरले जातील.

दुसरं, 'उपाय लिहून काढणं' याला एक आठवडा दिलाय. नवखे लिहितात: 'आशांना प्रशिक्षण देण्यात आलं.' यावरून दुसऱ्या पीएचसीत कोणी काय करायचं? कोण करणार, काय, कोणासाठी, केव्हा, किती वेळा, त्याने नेमकं काय बदलायला हवं आणि का वाटतं बदलेल, इतकं लिहायला लावा. नमुना देतो:

'पीएचसीच्या मासिक सभेत आरोग्यसेविका २० मिनिटं घेईल. प्रत्येक आशा चमच्यात पाणी घेऊन गोळी विरघळवून दाखवेल आणि "जुलाब थांबले तरी गोळी का द्यायची" हे आईला सांगते तसं सांगेल. चुकलं तर तिथेच पुन्हा. आशा झिंक देताना पट्टीवर पेनाने १ ते १४ आकडे घालेल. चौथ्या-पाचव्या दिवशी एक भेट किंवा फोन. सलग तीन महिने.'

चौथा-पाचवा दिवस का? कारण जुलाब साधारण तेव्हा थांबतात आणि गोळीही तेव्हाच थांबते. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते म्हणून १४ दिवस, हे कारण आईला कळलेलं नसतं. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढ्यावर बरं झालेल्या मुलाला कोणी औषध पाजत नाही.

आणि भांडार आधी बघा! पट्टी दहा गोळ्यांची आली असेल तर एका मुलाला एक पट्टी आणि चार सुट्या द्याव्या लागतात. त्या चार कापून देणं राहून जातं, मुलाला दहाच मिळतात. तिथे आशाला कितीही शिकवा, आकडा हलणार नाही.

पीजी_दुसरंवर्ष

मग भांडाराचा प्रश्न असेल तर 'प्रशिक्षण' उपायच नको?

दिंडोरीकर

अर्थात. फार्मासिस्टने १४-१४ चे गठ्ठे बांधून दिले की काम झालं. त्याचा प्रबंध होत नाही असं गाइड म्हणतील, त्यांची समजूत काढणं ही तुमच्या मार्गदर्शक-गटाची जबाबदारी.

अनुवाद_नको

मुलाखतींना एकच आठवडा दिलाय, तो अपुरा आहे. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन नवख्याला चार ते सहा तास घेतं. दहा मुलाखती म्हणजे आठवडाभराचं नुसतं टंकलेखन. सहा आशा, दोन आरोग्यसेविका, फार्मासिस्ट, एमओ (वैद्यकीय अधिकारी) आणि सहा-आठ आयांचा एक गट, एवढ्यावर भागतं.

आशाची मुलाखत पीएचसीत घेऊ नका. एमओच्या खोलीचं दार उघडं असेल तर तुम्हाला परिपत्रकच ऐकायला मिळेल. 'तुम्ही झिंक देता का?' विचारलं की 'देतो' येतं. त्याऐवजी 'शेवटचं जुलाबाचं मूल कुठल्या पाड्यावरचं? तिथे पोचल्यावर काय काय केलंत?' असं विचारा, एकेका घटनेवरून बोलतं करा. सुरगाणा-पेठेत कोकणा आदिवासींची कोकणी (गोव्याची नव्हे) आणि त्र्यंबकच्या काही पाड्यांवर वारली घराघरांत बोलली जाते. पुस्तकी मराठीतला 'अतिसार' तिथे कामाचा नाही. प्रश्नावली आधी तिथल्याच दोन-तीन बायकांना वाचून दाखवा. दुभाषी म्हणून त्याच गावची आशा घेऊ नका, तिच्याच कामाबद्दल विचारताय.

विश्लेषणाला, म्हणजे अंमलबजावणीत काय आड येतं ते लावायला, सीएफआयआर ही चौकट चालेल, २००९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. तिचे पाच भाग आहेत: उपाय स्वतः, बाहेरची परिस्थिती, संस्थेतली परिस्थिती, माणसं आणि राबवण्याची प्रक्रिया. शिकणाऱ्यांनी पाच भागांवरच थांबावं. खालच्या सगळ्या उपघटकांत प्रत्येक वाक्य कोंबत बसलं की सुबक तक्ता तयार होतो आणि कारण हाती लागत नाही.

सांख्यिक

दिंडोरीकरांची साखळी-पद्धत मला पटली. एक अट: प्रत्येक तुकडीने 'पूर्ण' या शब्दाची व्याख्या तीच ठेवायची. एकीने १४ पैकी १४ धरले आणि दुसरीने १२ किंवा जास्त धरले तर आलेखावर सुंदर उडी दिसेल, ती व्याख्येची असेल. व्याख्या, वयोगट, मोजायचा दिवस, बंद घराला किती वेळा जायचं (दोनदा पुरे), हे एका पानावर लिहून पीएचसीच्या फाइलला लावा.

आणि स्थलांतर विसरू नका. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. पंधराव्या दिवशी घराला कुलूप असतं. ती मुलं 'अपूर्ण' धरायची की वगळायची ते आधी ठरवा आणि दोन्ही तऱ्हेने आकडा द्या. नुसती वगळली तर मागे राहिलेल्या घरांचीच टक्केवारी येते, आणि ती बहुधा जास्त निघेल.

तारांगण

साखळी ठीक. पण मार्गदर्शक कुठून आणणार? कम्युनिटी मेडिसिनच्या प्राध्यापकांना सर्वेक्षण येतं, हे नाही येत. आणि दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट एमओला 'तुमच्या भांडारात घोळ आहे' कसा सांगणार?

गोदाकाठ

सांगूच नये. पहिल्या आठवड्यात एमओ आणि टीएचओंसोबत (तालुका आरोग्य अधिकारी) बसायचं आणि त्यांनाच विचारायचं, 'या आकड्यात बदल झाला तर तुम्ही कोणता निर्णय घ्याल?' उत्तर देता येत नसेल तर विषय बदलायचा. प्रकल्पावर एमओचं नाव सहसंशोधक म्हणून पहिल्या दिवसापासून. मग भांडाराचा शोध त्यांचाही असतो.

मार्गदर्शकांसाठी 'सॉर्ट इट' या अभ्यासक्रमाची रचना बघा, जागतिक आरोग्य संघटनेतला टीडीआर हा विशेष संशोधन कार्यक्रम सहयोगी संस्थांबरोबर चालवतो. प्रत्येक टप्प्याला ठरलेलं काम असतं, ते पूर्ण झालं नाही तर पुढच्या टप्प्यात प्रवेश नाही. आपल्याकडे प्रमाणपत्र हजेरीवर मिळतं, ते इथे बंद करावं. एका मार्गदर्शकाकडे तीनपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक जोडीला दोन मार्गदर्शक: एक पद्धत जाणणारा, एक यंत्रणेतला.

आराखडा बदलतोय. तीन तुकड्या, एक पीएचसी, एक व्याख्यापत्र. पहिल्या तुकडीचं वेळापत्रक: आठवडा १ एमओसोबत पायऱ्या, २ भांडार आणि वह्या, ३ पट्टी-मोजणीचा सराव वीस घरांत, दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळवणं, ४ ते ११ आठवड्यागणिक मोजणी आणि त्याच काळात सवडीने मुलाखती, १२ टीएचओंना एक पान. त्या पानावर आलेख एक, गळतीची पायरी एक आणि पुढच्या तुकडीने काय करून बघावं हे तीन ओळींत. पी-व्हॅल्यू नको, तालुक्याच्या सभेत ती कोणी विचारत नाही.

पीजी_दुसरंवर्ष

पहिल्या तुकडीला उपाय करायलाच मिळणार नाही, मग परीक्षकाने 'याचा निष्कर्ष काय' विचारलं तर?

रामशेज

पायऱ्यांनिहाय गळती, वयोगटानुसार पूर्णतेचं प्रमाण विश्वासमर्यादेसह आणि मुलाखतींतून आलेली कारणं, एवढा निष्कर्ष प्रबंधाला भरपूर होतो. शीर्षकात 'परिणाम' शब्द घालू नका म्हणजे तो प्रश्नच येणार नाही. दुसऱ्या तुकडीच्या शीर्षकात घाला, आणि तिला आतापासून सांगून ठेवा की झिंक गुणकारी आहे का हे तपासायचं नाही, उपाय किती आशांनी उचलला आणि लिहिल्याप्रमाणे केला का, हे मोजायचं. दर महिन्याला पाच आशांसोबत एकेक घरभेट, हातात चार प्रश्नांची यादी: गोळी विरघळवून दाखवली? १४ दिवसांचं कारण सांगितलं? पट्टीवर आकडे घातले? चौथ्या-पाचव्या दिवसाची भेट किंवा फोन ठरवला?

दिंडोरीकर

आशांनी त्यात स्वतःहून काही बदललं तर तेही लिहून घ्या. डोस आणि १४ दिवस बदलायचे नाहीत, बाकी आकड्यांऐवजी कोणी भिंतीवर खडूच्या रेघा मारायला सांगितल्या तर हरकत नाही. फक्त तारीख आणि आशाची हद्द नोंदवा, कारण जूनमध्ये आलेख वर गेला तर तो पट्टीवरच्या आकड्यांनी गेला की रेघांनी, हे तिसरी तुकडी तुम्हालाच विचारणार आहे.

गोदाकाठ

रकाना वाढवलेल्या वहीचा नमुना आणि व्याख्यापत्राचा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो. सांख्यिक, बंद घरांचा नियम तुम्ही लिहून द्याल का?